ड्रेक पॅसेज: आई-बाबांसाठी केबिन कुठली घ्यावी आणि गोळी नेमकी कधी?

कोथरूडची_पोर (प्रश्न)

जानेवारीत अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआयाहून अंटार्क्टिक द्वीपकल्पाची १० रात्रींची सफर ठरली आहे. वाटेत ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला खवळलेला समुद्र, ओलांडायचा आहे. जहाज साधारण १०५ मीटर लांब, १७० प्रवासी, स्टॅबिलायझर आहेत असं माहितीपत्रकात लिहिलंय. सोबत आई (६१) आणि बाबा (६७). नेमके प्रश्न असे:

१. सध्या तिसऱ्या डेकवर, जहाजाच्या मधोमध, गोल खिडकीची केबिन आहे. वाढीव पैसे भरून सहाव्या डेकवर पुढच्या बाजूची बाल्कनीवाली केबिन मिळतेय. मोकळ्या हवेत बोट कमी लागते म्हणून ती घ्यावी का?

२. आईला ताम्हिणी घाटातही गाडी लागते, ती ॲव्होमिन घेते. बाबांना सहसा काही होत नाही, पण त्यांना मधुमेह (मेटफॉर्मिन आणि रात्री इन्सुलिन) आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू आहे. ग्रुपमधल्या एकांनी दोघांनाही कानामागे लावायची पट्टी घ्या म्हणून सांगितलंय.

३. समुद्र कसा असेल हे किती दिवस आधी कळतं? विंडी या हवामानाच्या साइटवर बघते, पण आकडे कसे वाचायचे ते कळत नाही.

४. विमानाने जाऊन ड्रेक टाळण्याचा पर्याय आहे असं ऐकलं. तो बरा का?

---

सुकाणू

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठाम नाही असं आहे. आहे ती केबिन सोडू नका. वर पैसे देऊन तुम्ही जास्त हलणारी जागा विकत घ्याल.

जहाज लाटेवर दोन तऱ्हांनी हलतं. एक म्हणजे डावी-उजवीकडे डोलणं, दुसरं म्हणजे पुढचं टोक वर जाऊन खाली आपटणं. डोलताना तुम्ही जितके उंचावर तितका झोका मोठा, झाडाच्या शेंड्यासारखा. आपटण्यात जितके टोकाकडे तितकी उचल जास्त, सी-सॉच्या फळीसारखी. सहावा डेक आणि पुढची बाजू म्हणजे दोन्ही त्रास एकत्र. तिसरा डेक, मधोमध, ही जागा दोन्ही हालचालींच्या आसाजवळ येते. पोट सगळ्यात जास्त ढवळतं ते ५-६ सेकंदांना एकदा होणाऱ्या वर-खाली हालचालीने, आणि ती पुढच्या टोकाला सर्वांत तीव्र असते. शिवाय पुढच्या केबिनमध्ये रात्रभर लाटांचे धक्के ऐकू येतात, नांगराच्या साखळीचा आवाज येतो तो वेगळाच.

बाल्कनीचं म्हणाल तर ड्रेकमध्ये वारा वाढला की बाहेरचे डेक बंद करतात, बाल्कनीचं दारही उघडू नका असं सांगतात. मोकळी हवा हवी तेव्हाच ती मिळत नाही. खालच्या गोल खिडकीवर समुद्र चढला तर आतून लोखंडी झाकण लावतात आणि खोली अंधारी होते, हा तुमच्या केबिनचा एकच तोटा. ते झाकण लावायला कर्मचारी आले तर 'थोडं उघडं ठेवा' असा आग्रह धरू नका. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर एका अंटार्क्टिक क्रूझ जहाजावर मोठी लाट आदळून केबिनच्या काचा फुटल्या आणि एका प्रवासी बाईंचा मृत्यू झाला.

स्टॅबिलायझरबद्दलही अपेक्षा माफक ठेवा. पाण्याखालून दोन्ही बाजूंना निघालेले हे पंख फक्त डोलणं कमी करतात, पुढचं टोक आपटणं नाही. तेही जहाज वेगात असताना. खराब समुद्रात कॅप्टन वेग १४ नॉटवरून ८-१० वर आणतो, म्हणजे गरज वाढते तेव्हाच पंखांचा जोर कमी झालेला असतो. बर्फ लागला की ते आत ओढून घेतात.

पलंग कसे ठेवलेत तेही कंपनीला विचारा. जहाजाच्या लांबीला समांतर असतील तर डोलताना माणूस कुशीवरून कुशीवर लोळतो. आडवे असतील तर डोकं आणि पाय आलटून पालटून खाली जातात. लोळण्यावर उपाय आहे: गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफ जॅकेट खुपसायचं, म्हणजे गादी आणि भिंत यांच्यात खोबण तयार होते आणि माणूस त्यात अडकून झोपतो.

---

औषधपेटी

पट्टी दोघांनाही एकसारखी सुचवणाऱ्या गृहस्थांना सांगा की बाबांना ती लावू नका.

पट्टीत स्कोपोलामिन असतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्याने अडू शकते. भर समुद्रात कॅथेटर घालायची वेळ आली तर बोट लागलेली परवडली असं होईल. काचबिंदूच्या एका प्रकारातही ती चालत नाही. वय वाढलेल्यांत गोंधळल्यासारखं होणं, भलतंसलतं दिसणं हेही होऊ शकतं. आता हे लक्षात घ्या की ॲव्होमिन, मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट या नेहमीच्या गोळ्याही कमी-अधिक प्रमाणात त्याच दिशेने काम करतात. म्हणून बाबांसाठी कुठलीही गोळी युरॉलॉजिस्टला विचारूनच. त्यांना एरवी त्रास होत नाही आणि वाढत्या वयात बोट लागण्याचं प्रमाण कमीही होतं. त्यामुळे त्यांना औषधच लागणार नाही अशी शक्यता आहे.

आईंना ॲव्होमिन मानवते हे चांगलं आहे, तीच ठेवा. नवीन प्रयोग समुद्रात नकोत. मात्र ती घाटाच्या हिशोबाने घेऊ नका. घाट दीड तासाचा असतो, ड्रेक दीड ते दोन दिवसांचा.

वेळेचं गणित असं. जहाज साधारण संध्याकाळी उशुआया सोडतं. पुढचे काही तास बीगल चॅनलमध्ये जातात, दोन्ही बाजूंना डोंगर, पाणी शांत. 'एवढंच होय!' म्हणून लोक भरपेट जेवतात, वाइन घेतात आणि गोळी न घेता झोपतात. मध्यरात्रीच्या आसपास जहाज उघड्या समुद्रात शिरतं आणि पहाटे तीनला उलट्या. तेव्हा घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. शिवाय बोट लागली की जठराचं कामच मंदावतं, गोळी टिकली तरी पुढे सरकत नाही. त्यामुळे २५ मिलिग्रॅमची ॲव्होमिन पहिल्या रात्री झोपताना, बीगल चॅनलमध्ये असतानाच, आणि पुढे रोज झोपताना एक. दिवसा जास्तीची लागली तर जहाजाच्या डॉक्टरांना विचारून. तिने गुंगी येते, म्हणून जिना उतरताना सोबत राहा. दारू पूर्ण बंद.

स्टुजेरॉन म्हणजे सिनारिझिन घेणारेही बरेच असतात. ॲव्होमिन आणि स्टुजेरॉन एकत्र घेऊ नका, दोन्ही एकाच जातीची आहेत, फक्त गुंगी दुप्पट होईल. आणि आपल्याकडे 'उलटीची गोळी' म्हणून जे ऑनडॅनसेट्रॉन किंवा डॉमस्टाल घरात असतं ते बोट लागण्यावर फारसं चालत नाही. ते पोट बिघडल्याच्या किंवा औषधांमुळे होणाऱ्या उलटीचं औषध आहे. इथे बिघाड कानातल्या तोलाच्या यंत्रणेत असतो.

ग्रुपमधल्या ज्यांना पट्टी चालते त्यांच्यासाठी: समुद्र लागण्याच्या किमान ४ तास आधी, म्हणजे जहाजावर चढतानाच, कानामागच्या केस नसलेल्या कोरड्या कातडीवर. ७२ तास चालते, म्हणजे जाताना एकच पुरते. कापून अर्धी करायची नाही. लावल्यावर आणि काढल्यावर हात साबणाने धुवायचे. तो हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं आणि माणूस पक्षाघात झाला म्हणून घाबरतो.

आता बाबांच्या साखरेचं. हे मला बोट लागण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. उलट्या होऊन खाणं-पाणी बंद झालं तर मेटफॉर्मिन थांबवायची का, इन्सुलिनचे युनिट किती कमी करायचे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लेखी घ्या. इन्सुलिन आपल्या मनाने पूर्ण बंद करायचं नाही. ग्लुकोमीटर, साखर मोजायच्या पट्ट्या नेहमीच्या दुप्पट, आणि उलट्या चालू असताना दर ४ तासांनी साखर मोजायची. ओआरएसची पाकिटं माणशी ४-५: एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, आणि दर ५ मिनिटांना दोन-दोन चमचे. ग्लासभर एकदम प्यायलं की बाहेर. ओआरएसमध्येही साखर असते, ती बाबांच्या हिशोबात धरा.

गोळ्या पोटात टिकत नसतील तर लवकर डॉक्टरकडे जा. ते प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दंडात किंवा कमरेत देतात, ते पोटाच्या वाटेने जात नाही म्हणून लागू पडतं. आईंनी ॲव्होमिन किती वाजता घेतली ते आधी सांगायचं, कारण ते तेच औषध आहे. उलटीबरोबर जुलाब किंवा ताप असेल तर ती बोट नव्हे. केबिनमध्येच थांबून डॉक्टरांना फोन करा, जहाजावर नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबांचा संसर्ग) पसरायला वेळ लागत नाही.

---

नकाशावेडी

तिसरा प्रश्न. आधी तिथे समुद्र असा का असतो ते बघू, मग आकडे सोपे जातील.

केप हॉर्न ५६ अंश दक्षिणेला, साउथ शेटलंड बेटं ६२ च्या आसपास. मधलं अंतर ८०० किलोमीटर, उशुआयाहून धरलं तर जहाजाचा प्रवास सुमारे १००० किलोमीटरचा. या पट्ट्यात पृथ्वीला वळसा घातला तरी मोठी जमीन आडवी येत नाही. पश्चिमेचा वारा आणि त्याच्याबरोबर लाटा अडथळ्याविना वाढत येतात आणि दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका यांच्यामधल्या या चिंचोळ्या वाटेतून घुसतात. वर कमी दाबाचे पट्टे दर दोन-चार दिवसांनी रांगेत येतात. पट्टा येण्याआधी वारा वायव्येचा, तो पुढे सरकला की नैर्ऋत्येचा. सगळ्यात वाईट वेळ ही बदलाची: वायव्येच्या जुन्या लाटा अजून चालू आणि त्यांवर नैर्ऋत्येच्या नव्या आडव्या चढतात. तेव्हा जहाज नियमाने डोलत नाही, कसंही फेकलं जातं.

विंडीवर तीन आकडे बघा: लाटेची उंची, काळ (दोन लाटांमधले सेकंद) आणि दिशा. नुसती उंची बघून घाबरण्यात अर्थ नाही.

उंची म्हणून दिसतो तो सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांचा सरासरी आकडा. ४ मीटर दिसलं तर त्यात अधूनमधून ७-८ मीटरची एखादी येणारच.

लाटेची लांबी काढायची असेल तर काळाचा वर्ग गुणिले १.५६. काळ ८ सेकंद असेल तर लाट १०० मीटर लांब, १४ सेकंद असेल तर ३०० मीटरच्या वर. म्हणजे ४ मीटरची १४ सेकंदांची लाट ही लांबच लांब चढण, जहाज तिच्यावरून सावकाश चढतं-उतरतं. तीच ४ मीटर ८ सेकंदांची असेल तर तुमच्या १०५ मीटरच्या जहाजाएवढीच लांब होते. समोरून आली तर पुढचं टोक एका लाटेतून निघून दुसरीत आदळतं.

दिशा: दक्षिणेला जाताना पश्चिम उजव्या हाताला, म्हणजे लाटा बहुधा उजव्या कुशीवर. परतताना डाव्या. कपाट कुठल्या बाजूला उघडतं ते बघून सामान लावा.

अंदाजाचं म्हणाल तर ५ दिवसांच्या पलीकडचा आकडा करमणूक म्हणून बघा. ३ दिवसांत आला की विश्वास ठेवण्याजोगा. ईसीएमडब्ल्यूएफ आणि जीएफएस ही हवामान अंदाजाची दोन्ही मॉडेलं उघडून बघा. दोघांचं एकमत असेल तर ठीक, नसेल तर कुणालाच अजून कळलेलं नाही. महिना बघून समुद्र ठरत नाही. डिसेंबर-जानेवारीत वादळं तुलनेने सौम्य असतात एवढंच. 'ड्रेक लेक' (तळ्यासारखा शांत समुद्र) मिळेल की 'ड्रेक शेक' (खवळलेला), हे बुकिंगच्या वेळी कुणीही छातीठोकपणे सांगत असेल तर तो तिकीट विकतोय.

जाता जाता: मधे कधीतरी पाण्याचं तापमान काही तासांत सुमारे ३ अंशांनी उतरतं, बरेचदा धुकं येतं. तो अंटार्क्टिक अभिसरणाचा पट्टा, म्हणजे दक्षिणेचं थंड पाणी उत्तरेच्या उबदार पाण्याला मिळतं ती जागा. डेक उघडा असेल तर तेव्हा बाहेर थांबा, अल्बट्रॉस जहाजामागे पंख न हलवता तरंगत येतात.

---

खलाशीबुवा

नकाशावेडीताईंनी छान लिहिलंय, एक दुरुस्ती. लांब काळाची लाट नेहमीच सुखाची असते असं नाही. प्रत्येक जहाजाचा स्वतःचा डोलण्याचा काळ असतो, या आकाराच्या जहाजांचा १०-१४ सेकंदांच्या घरात. कुशीवर येणाऱ्या लाटेचा काळ त्याच्याशी जुळला की पाळण्याला तालात झोका दिल्यासारखं होतं, २ मीटरची लाटही जहाज भरपूर डोलवते. यावर कॅप्टनकडे उपाय असतो. तो दिशा १५-२० अंश वळवतो किंवा वेग बदलतो, ताल मोडतो. म्हणून स्क्रीनवरच्या नकाशात जहाज सरळ दक्षिणेला न जाता तिरकं जाताना दिसलं तर वाट चुकली असं समजू नका. फार खराब असेल तर केप हॉर्नच्या बेटांच्या आडोशाला थांबतात, किंवा परतताना किनाऱ्यावरचं शेवटचं उतरणं रद्द करून वादळाच्या पुढे निघतात. त्यावर स्वागतकक्षात जाऊन भांडणारे प्रवासी असतात. तुम्ही त्यात पडू नका.

सुकाणूदादा, लाइफ जॅकेट गादीखाली नको. जुना उपाय आहे, पण सायरन वाजला तर अंधारात जॅकेट गादीखालून ओढत बसायचं का? जास्तीचं ब्लँकेट मागून घ्या, गुंडाळी करून तीच कडेखाली सरकवा.

आता खरी दुखापत कशी होते ते. बोट लागून सहसा कुणाचं काही मोडत नाही. मोडतात बोटं आणि मनगटं. जहाजाची दारं जड असतात, आणि जहाज कललं की दार स्वतःच्या वजनाने धाडकन मिटतं. आधारासाठी माणूस चौकटीला धरतो, आणि तिथेच बोटं चिरडतात. नियम एकच: चौकट धरायची नाही. कठडा धरा किंवा दाराची मूठ. दार उघडण्याआधी क्षणभर थांबा, जहाज कुठे कलतंय बघा, दुसऱ्या बाजूला कलेपर्यंत वाट पाहून मग उघडा.

न्हाणीघराला उंबरठा असतो, घरच्यापेक्षा उंच. रात्री झोपेत तिथेच ठेचकाळतात, म्हणून न्हाणीघरातला दिवा चालू ठेवा. आई-बाबांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: ड्रेकमध्ये लघवीही बसूनच करायची, पुरुषांनीसुद्धा. आंघोळ एक दिवस राहिली तर राहू दे. बाबा रक्त पातळ होण्याची गोळी घेत असतील तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही डॉक्टरांना दाखवायचा.

पायात चपला-स्लिपर नको. मागून बंद, रबरी तळाचे बूट. कायम एक हात मोकळा, म्हणजे चहाचा कप आणि कॅमेरा दोन्ही घेऊन चालणं बंद. कॅमेरा, लॅपटॉप, ग्लुकोमीटर आधीच जमिनीवर पिशवीत. टेबलावर ठेवलेलं टेबलावर राहत नाही.

आणि बायोसिक्युरिटीची (बाहेरच्या बिया वगैरे अंटार्क्टिकात जाऊ नयेत म्हणूनची) साफसफाई याच दोन दिवसांत करून घेतात. जॅकेटचे खिसे, वेल्क्रो, बॅगेच्या शिवणी, ट्रायपॉडचे पाय, सगळं व्हॅक्यूमने साफ करून दाखवायचं, एक बी किंवा काडी राहता कामा नये. मान खाली घालून वेल्क्रोतून कुसळं टोकरणं हा बोट लागण्याचा हमखास मार्ग आहे. पुण्यातच टाचणी आणि ब्रश घेऊन बसा. सह्याद्रीत वापरलेले बूट असतील तर तळवे घासून धुवा, तिथे फक्त दाखवायचं काम उरेल.

---

कोथरूडची_पोर

केबिन बदलत नाही, ठरलं. बाबांच्या युरॉलॉजिस्टची वेळ घेतली. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेत नाहीत. दोन गोष्टी राहिल्या: खाणं आणि विमान. आई उपाशी राहू म्हणतेय, 'पोटात नसेल तर पडणार काय'.

---

औषधपेटी

रिकाम्या पोटी जास्त मळमळतं, आणि उलटी झालीच तर नुसतं पित्त पडतं, ते जास्त त्रासाचं. दर दोन-तीन तासांनी मूठभर कोरडं खायचं: खाकरा, कुरमुरे, भाजलेले चणे, साधी बिस्किटं. जहाजावर हिरवी सफरचंदं आणि क्रॅकर्स ठेवलेले असतात ते त्याचसाठी. तळलेलं, तिखट, कॉफी नको. आलं चालतं. आईंना आलेपाक द्या, बाबांना साखरेमुळे नुसतं सुकं आलं. त्याने सौम्य मळमळ आटोक्यात राहते, ॲव्होमिनची जागा ते घेत नाही. खाऊ सीलबंद पाकिटातच न्या आणि कस्टम्सच्या फॉर्मवर जाहीर करा. चिलीतून जाणार असाल तर तिथे याबाबत फार कडक असतात. अंटार्क्टिकात किनाऱ्यावर खाण्याचं काहीच न्यायचं नसतं, खिशात राहिलेला एक चणाही नाही.

मळमळायला लागलं की मोबाइल आणि पुस्तक खाली. एक तर क्षितिज दिसेल अशा मधल्या लाउंजमध्ये बसा, नाहीतर डोळे मिटून उताणं पडा, डोकं हलू न देता. यांच्या अधलंमधलं काही करू नका. खिडकी नसलेल्या सभागृहातलं व्याख्यान त्या दिवशी सोडा, बरेचदा ते केबिनच्या टीव्हीवर दिसतं.

---

सुकाणू

विमान: चिलीतल्या पुंता अरेनासहून किंग जॉर्ज बेटावर, साधारण दोन तास. तिथे खडीची धावपट्टी आहे आणि ढग खाली आले की विमान उतरू शकत नाही. म्हणजे तुम्ही पुंता अरेनासच्या हॉटेलात एक-दोन दिवस अडकता आणि तेवढे दिवस सहलीतून वजा होतात. परततानाही तेच, म्हणून पुढचं आंतरराष्ट्रीय विमान किमान दोन दिवस सोडून काढावं लागतं. भाडं जास्त, सामानाच्या वजनावर कडक मर्यादा. ज्यांना बोट इतकी लागते की इंजेक्शनशिवाय भागत नाही, त्यांच्यासाठी ठीक. ॲव्होमिनवर भागणाऱ्या माणसासाठी मी तरी सुचवणार नाही. विमा दोन्हीकडे लागतोच: रुग्णाला अंटार्क्टिकातून बाहेर काढण्याचा खर्च त्यात धरलाय का आणि बाबांचा मधुमेह जाहीर केलाय का, हे पॉलिसीच्या कागदावर शब्दशः बघा. कंपनी किमान रक्कम ठरवून देते, बरेचदा ती एक लाख डॉलरच्या वर असते.

आपले सरकारी संशोधक भारती आणि मैत्री तळांवर जातात ती वाट वेगळी, बहुधा केपटाउनहून आणि पूर्व अंटार्क्टिकाकडे. त्यांच्या प्रवासाची वर्णनं वाचून ड्रेकचा अंदाज बांधू नका. तिथे उघडा समुद्र कितीतरी जास्त दिवस असतो.

---

खलाशीबुवा

परतीचं कुणी लिहिलं नाही. बेटांच्या आडोशाला चार-पाच दिवस शांत पाण्यात काढल्यावर सगळे गोळ्या विसरतात, आणि शरीराला लागलेली सवयही तोवर गेलेली असते. शेवटचं उतरणं बहुधा सकाळी असतं, दुपारी जेवणं होईतो जहाज उघड्यावर येतं. आदल्या संध्याकाळच्या बैठकीत निघण्याची वेळ सांगतात. ती ऐकून आईंना ॲव्होमिन आदल्या रात्रीच द्या. किनाऱ्यावर जाताना झोडियाकमध्ये (छोट्या रबरी बोटीत) चढ-उतार करायची असते, म्हणून त्या सकाळी गुंगी किती आहे ते बघा. जास्त वाटली तर त्यांनी ते एक उतरणं सोडावं.

उशुआयाला उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते. त्यावर गोळी घेऊ नका, आपोआप जातं. फक्त त्या दिवशी हॉटेलच्या न्हाणीघरात कठडा धरून उभं राहायला सांगा.